'पूर्ण' चौकटीचा मोह आणि एक अनुस्वार

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, संदर्भ विभागाच्या मागच्या खोलीत, तीन लोखंडी कपाटे आहेत. 'विविधज्ञानविस्तारा'चे काही सुटे अंक, 'मनोरंजन'चे बांधीव खंड, 'किर्लोस्कर', 'रत्नाकर' आणि 'सत्यकथा' यांचे मागचेपुढचे अंक गहाळ झालेले संच, आणि रुमालात बांधलेल्या पंचवीसएक पोथ्या, असा ऐवज त्यांत आहे. खंड उघडला की टेबलावर तपकिरी भुगा पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून छपाईला लाकडाच्या लगद्याचा कागद सर्रास वापरला जाऊ लागला. त्यातले आम्ल आतल्या आत कागद खात राहते, आणि घडीवर, कडांवर तो बिस्किटासारखा मोडतो. पोथ्यांचा हातकागद त्या मानाने ठणठणीत आहे. दोनशे वर्षांपूर्वीचे पान टिकावे आणि नव्वद वर्षांपूर्वीचे विरावे, असा हा उलटा न्याय आहे.

गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी या कपाटांसाठी दोन लाख रुपये दिले. पानांची छायाचित्रे काढून ठेवावीत, एवढीच त्यांची अट होती. आयुष्यभर वर्गात 'प्रतिमा' शिकवणारे आम्ही तिघे मराठीचे अध्यापक त्यामुळे एका निराळ्याच प्रतिमेच्या वादात सापडलो. कॅमेरा कोणता घ्यायचा? 'घ्यायचाच तर फुल-फ्रेम घ्या', असे आम्हांला ज्याने त्याने सांगितले. दुकानदाराने सांगितले, भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी सांगितले, खरेदी समितीतल्या एका सदस्यांनी तर 'संस्थेला अर्धवट वस्तू नको' या शब्दांत सांगितले. आमच्यातल्या एकाचेही मत प्रथम तेच होते. ते मत चूक आहे, निदान आमच्या कामापुरते चूक आहे, अशी आमची आता खात्री झाली आहे. ही खात्री कशी झाली ते येथे मांडावेसे वाटते. कारण अशी कपाटे आमच्याच महाविद्यालयात आहेत असे नाही, आणि ती ज्यांच्या ताब्यात आहेत ते बहुधा आमच्यासारखेच, भाषेचे अध्यापक आहेत.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. जुन्या कॅमेऱ्यात जेथे फिल्म असे, तेथे आता प्रकाश टिपणारा एक आयताकृती तुकडा असतो. त्याला सेन्सर म्हणतात. हा तुकडा ३६ × २४ मिलिमीटरचा असेल तर तो 'फुल-फ्रेम', म्हणजे पूर्ण चौकट. त्याहून लहान, बहुतेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटरचा आणि कॅननच्या कॅमेऱ्यांत सुमारे २२.३ × १४.९ मिलिमीटरचा असेल, तर तो 'क्रॉप', म्हणजे कातरलेला. पहिल्याचे क्षेत्रफळ दुसऱ्याच्या सुमारे २.४ ते २.६ पट भरते. भेद एवढाच आहे. त्याला चिकटलेल्या दोन विशेषणांनी मात्र बाजार उभा केला आहे, आणि विशेषणांचा विचार करणे हा आमचा व्यवसाय असल्याने तेथे थोडे रेंगाळणे वाचक क्षम्य मानतील.

'पूर्ण' म्हणजे कशाच्या मानाने पूर्ण? जर्मनीतल्या वेट्झलार येथील लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा एक तंत्रज्ञ होता. चलच्चित्रांसाठी वापरली जाणारी ३५ मिलिमीटर रुंदीची, कडेला भोके असलेली फिल्म तेव्हा सहज मिळत असे. सिनेमात ती उभी धावते आणि तिच्यावरची एकेक चौकट १८ × २४ मिलिमीटरची असते. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बार्नाकने ती फिल्म आडवी धाववली आणि दोन चौकटींची एक केली. २४ × ३६ हे माप असे जन्माला आले. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत 'लायका' कॅमेरा लोकांसमोर आला, तेव्हा काचेच्या मोठ्या तबकड्यांवर काम करणाऱ्या व्यावसायिकांना तो खेळण्यासारखा वाटणे स्वाभाविक होते. जर्मन भाषेत या मापाला नावच पडले 'क्लाइनबिल्ड', म्हणजे लहान चित्र. इंग्रजीतही त्याला दीर्घकाळ 'मिनिएचर' म्हणत. आज ज्याला आपण पूर्ण म्हणतो, ते जन्मतः लघु होते.

आपल्याकडचेच उदाहरण घ्यायचे तर होमाई व्यारावाला यांचे घेता येईल. मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आणि पुढे दिल्लीत स्वातंत्र्याच्या संधिकालाची छायाचित्रे काढणाऱ्या या पहिल्या भारतीय महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांच्या हाती स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स असे कॅमेरे असत. रोलायफ्लेक्सची चौरस चौकट ६ × ६ सेंटिमीटरची, तर स्पीड ग्राफिकचे प्रचलित माप ४ × ५ इंचांचे. आजची 'पूर्ण' चौकट या दुसऱ्या मापाच्या पंधराव्या हिश्श्याइतकी भरते. त्या काळच्या कोणा छायाचित्रकारासमोर ३६ × २४ मिलिमीटरचा तुकडा ठेवून 'हे पूर्ण' असे म्हटले असते, तर त्याने कशाचे पूर्ण म्हणून विचारले असते.

मग हे नाव रूढ कसे झाले? अंकीय कॅमेरे आले तेव्हा ३६ × २४ इतका मोठा सेन्सर निर्दोष बनवणे फार खर्चाचे होते. १९९९ सालचा निकॉनचा डी१ लहान सेन्सर घेऊनच आला. छायाचित्रकारांजवळ मात्र ३५ मिलिमीटर फिल्मच्या काळातल्या लेन्स होत्या, आणि त्या या कॅमेऱ्यांवर लावल्या की चित्राच्या कडा कापल्यासारख्या दिसत. लेन्स जेवढे वर्तुळ पाडते त्याचा मधलाच भाग टिपला जाई. २००२ साली कॉन्टॅक्स आणि कॅनन यांनी फिल्मच्याच मापाचे सेन्सर असलेले कॅमेरे आणले, २००५ साली कॅननच्या ५डीने ते काहीसे आवाक्यात आणले, २००७ साली निकॉन त्या वाटेने गेली. कापले गेलेले परत मिळाले, या दिलाशातून 'फुल' हे विशेषण पक्के झाले. म्हणजे ते सोयीचे होते, ऐतिहासिक होते. ते मूल्यवाचक झाले ते नंतर. लहान सेन्सरच्या नावाची कथा तर आणखी गमतीची आहे. त्याला 'एपीएस-सी' म्हणतात. ही १९९६ साली निघालेल्या आणि लवकरच मावळलेल्या एका फिल्मपद्धतीची खूण असून त्यातला 'सी' म्हणजे 'क्लासिक'. अभिजात हे विशेषण असे कातरलेल्याच्या वाट्याला आले आहे, आणि त्याची कोणी आठवण ठेवत नाही!

या नावांमुळे विचार कसा वाकडा होतो त्याचा नमुना म्हणजे दुकानात ऐकू येणारा तो गुणक. ५० मिलिमीटरची लेन्स क्रॉप कॅमेऱ्यावर लावली की ती '७५ची होते', असे सांगतात. ती काही होत नाही. लेन्सचे केंद्रांतर तिच्या घडणीत असते, ते ५०च राहते. तिच्यातून दिसणाऱ्या दृश्याचा लहान भाग टिपला जातो, म्हणून त्या चित्राचा पसारा फुल-फ्रेमवरच्या ७५च्या लेन्सइतका दिसतो. तुलना करणाऱ्याला हा हिशेब उपयोगी आहे यात शंका नाही. पण ज्याने फुल-फ्रेम कधी हाती धरला नाही, त्यानेही प्रत्येक लेन्सला दीडने गुणून मगच तिचा विचार करावा, हे बोलीतल्या प्रत्येक रूपाला प्रमाणभाषेतल्या रूपाचा अपभ्रंश म्हणण्यासारखे आहे. भाषाविज्ञानाच्या पहिल्या तासाला आपण विद्यार्थ्यांची जी समजूत काढतो, तीच आपली दुकानात गेल्यावर का राहत नाही, असा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारला.

तरीही मोठ्या सेन्सरचे श्रेष्ठत्व हा निव्वळ शब्दांचा खेळ आहे असे आमचे म्हणणे नाही. त्याचे क्षेत्रफळ अधिक, म्हणून तेवढ्याच छिद्रातून, तेवढ्याच वेळात तो एकूण अधिक प्रकाश गोळा करतो. अंधारात काढलेल्या चित्रात जे रवाळ कण दिसतात ते त्यात कमी असतात. हिशेबाने हा लाभ सव्वा स्टॉपच्या आसपास भरतो. पार्श्वभूमी धूसर करून चेहरा उठावदार करायचा असेल तर तेही त्यावर सोपे जाते. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगाचे छायाचित्रण करणाऱ्याने फुल-फ्रेमचा आग्रह धरला तर तो रास्त आहे. फ्लॅश लावता येत नाही, रंगमंचावर एकच निळा दिवा आहे आणि नट स्थिर उभा राहणार नाही, अशा वेळी सव्वा स्टॉप म्हणजे मिळालेले चित्र आणि हुकलेले चित्र यांतले अंतर. उलट दूरच्या झाडावरचा पक्षी टिपणारा क्रॉपवर समाधानी असतो, कारण त्याच लेन्समध्ये पक्षी चौकटीत मोठा दिसतो आणि खांद्यावरचे ओझेही कमी होते. ज्याचे त्याचे काम.

आमचे काम म्हणजे टेबलावर निश्चल पडलेले पान. ते हलत नाही, पळत नाही, त्याची पार्श्वभूमी धूसर करायची नाही. दोन बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दोन दिवे लावले, कॅमेरा वरून स्टँडला घट्ट बसवला आणि शटर पाव सेकंद उघडे ठेवले, तरी बिघडत नाही. म्हणजे मोठ्या सेन्सरचा जो मुख्य गुण, कमी प्रकाशातले सामर्थ्य, तो येथे वापरलाच जात नाही. जी गोष्ट दिवा लावून मिळते ती सेन्सरकडून विकत का घ्यायची?

पानाचा हिशेब साधा आहे. आज क्रॉप असो वा फुल-फ्रेम, दोन्हीकडे २४ मेगापिक्सेल, म्हणजे ६००० × ४००० बिंदूंचे कॅमेरे सहज मिळतात. ए-४ मापाचे पान चौकटीत बसवले तर दर इंचाला सुमारे ४८० बिंदू पडतात. छापील मजकूर यंत्राकडून वाचून घेण्यासाठी, ज्याला ओसीआर म्हणतात, ३०० बिंदू ही सर्वसाधारण अपेक्षा असते. डेमी आकाराचे पुस्तक तर दोन्ही पाने उघडून एकाच चौकटीत घेतले तरी ही अपेक्षा सहज पुरी होते. सेन्सर मोठा असल्याने या हिशेबात एका बिंदूचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो बिंदूंच्या संख्येने, आणि त्याहून अधिक, त्या बिंदूंपर्यंत पानाची रेषा नीट पोचते की नाही याने. ते काम लेन्सचे.

आणि येथे आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. तो मुद्दा अनुस्वाराचा आहे.

१९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने स्वीकारले आणि व्युत्पत्तीने येणारे, उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. त्यापूर्वीच्या छपाईत ते सर्वत्र आहेत. 'तें गेलें' म्हणजे एखादे मूल गेले. 'ते गेले' म्हणजे अनेक पुरुष गेले, किंवा एक आदरणीय पुरुष गेला. 'केली' हे स्त्रीलिंगी एकवचन, 'केलीं' हे नपुंसकलिंगी अनेकवचन. आजच्या वाचकाला हा टिंबांचा पाऊस निरर्थक वाटत असला, तरी जुन्या संहितेचा संपादक त्यावरून लिंग, वचन, विभक्ती ठरवतो. लेखकाची सवय कोणती आणि मुद्रकाची कोणती हे शोधतो. हा अनुस्वार बारीक टाइपात अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो. तो ०.४ मिलिमीटरचा धरला, तर इंचाला ४८० बिंदूंच्या चित्रात त्याच्या वाट्याला सात-आठ बिंदू येतात, ३०० च्या चित्रात पाचएक, आणि १५० च्या चित्रात जेमतेम दोन. दोन बिंदूंचे टिंब आणि कागदावरचा डाग यांत भेद करणे कोणालाही शक्य नाही.

१५० हा आकडा आम्ही उगाच घेतलेला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच ग्रंथालयाने दोन खंड बाहेर एका व्यावसायिकाकडे 'स्कॅन' करण्यास दिले होते. त्याने खंडांची पाठ यंत्रावर कापली, पाने सुटी करून फिरवली, आणि इंचाला १५० बिंदूंची, निव्वळ काळ्या-पांढऱ्या दोन छटांची पाने एका तबकडीवर भरून दिली. सुट्या पानांचा गठ्ठा परत आला. तो बांधायला पाठवायचा राहून गेला आणि एका उन्हाळ्याच्या सुट्टीत, ग्रंथालयाची सफाई चालू असताना, रद्दीत गेला. दोष त्या व्यावसायिकाचा किती आणि आमचा किती, हा हिशेब आम्ही मांडून पाहिला आहे, आणि आमची बाजू जड भरते. तबकडी कोणी उघडूनही पाहिली नव्हती. पुढे आमच्या एका एम. फिल.च्या विद्यार्थिनीने त्यांतल्या एका कथालेखिकेच्या चार कथा संपादनासाठी निवडल्या. दुसऱ्याच पानावर ती अडली. 'सर, हें तें आहे की ते?' तिने विचारले. पडद्यावर आम्ही तिघांनी डोळे ताणून पाहिले. 'ते'च्या वर काहीतरी होते. तो अनुस्वार होता, की वाळवीने केलेले भोक, की कागदावरचा तपकिरी ठिपका, हे सांगता येईना. कारण दोन छटांच्या चित्रात शाई, भोक आणि डाग सारेच काळे. रंगीत चित्र असते तर तपकिरी डाग आणि काळी शाई वेगळी दिसली असती. मूळ पान पाहू म्हणावे, तर मूळ पान उरले नव्हते. ते अंक अन्यत्र असतील तर आम्हांला अजून सापडलेले नाहीत. चारांपैकी एका कथेत ती 'तें' बाहेर अंगणात आलेले मूल आहे की बाहेरून आलेले 'ते' गृहस्थ आहेत, यावर शेवटच्या परिच्छेदाचा अर्थ फिरतो. विद्यार्थिनीने दोन्ही पाठ टिपेत दिले. तिने दुसरे काय करायचे?

म्हणून या वेळी वाद शब्दांवर सोडायचा नाही, पाहून ठरवायचे, असे आम्ही ठरवले. लग्नसमारंभांची छायाचित्रे काढणारा आमचा एक माजी विद्यार्थी आहे. मराठीत त्याला बरे गुण कधीच नव्हते. पण त्या दिवशी गुरू तोच होता. त्याने एकाच कंपनीचे, दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, एक फुल-फ्रेम आणि एक क्रॉप असे कॅमेरे आणले. फुल-फ्रेमवर त्याची नेहमीची २४-७० मिलिमीटरची झूम लेन्स होती. क्रॉपवर त्याने १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स लावली. मॅक्रो लेन्सचा उपयोग किडेमुंग्यांसाठी, अशी आमची समजूत. पण तिचा दुसरा गुण असा की सपाट वस्तू ती कडेपासून कडेपर्यंत सपाटच दाखवते, आणि कोपरे मधल्या भागाइतकेच रेखीव देते.

'मनोरंजन'चे एक पान दोघांनी टिपले. मध्यभागी दोन्ही चित्रे सारखीच स्वच्छ होती. कोपऱ्यांकडे गेलो तसा फरक उघड झाला. झूमच्या चित्रात ओळी कडेला किंचित धनुष्यासारख्या वाकल्या होत्या आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात 'त्यानें'चा अनुस्वार मात्रेत मिसळून गेला होता. छिद्र बारीक करून, एफ/८ वर घेऊन पाहिले; थोडे सुधारले, पण वाकडेपणा राहिला. क्रॉपवरच्या मॅक्रोने चारही कोपऱ्यांतले टिंबन् टिंब वेगळे ठेवले होते. आमच्यातल्या फुल-फ्रेमवादी सहकाऱ्यांनी येथे रास्त हरकत घेतली: ही तुलना सेन्सरांची नव्हे, लेन्सची झाली. मग तीच मॅक्रो फुल-फ्रेमवर लावली. आता दोन्ही चित्रांत कोणते कोणाचे हे ओळखण्याची पैज लागली. आम्ही तिघेही दोनदा चुकलो. विद्यार्थ्याने एकदा बरोबर सांगितले आणि मग कबूल केले की अंदाजाने सांगितले.

झूमपुढे मॅक्रो जिंकली; कॅमेरा कोणीच जिंकला नाही. किंबहुना फुल-फ्रेमसाठी घडवलेली लेन्स क्रॉप कॅमेऱ्यावर लावली की तिच्या वर्तुळाचा फक्त मधला, सर्वांत रेखीव भाग वापरला जातो, आणि जे कोपरे कोणत्याही लेन्समध्ये दुबळे असतात ते आपोआप बाहेर राहतात. अर्थात लहान सेन्सरवर बिंदू अधिक दाटीने बसलेले असतात, त्यामुळे लेन्सही तितकीच सूक्ष्म हवी, हे खरे. चांगल्या मॅक्रोला ते जड जात नाही.

क्रॉपची एक अडचण त्या दिवशी आम्हांला अंगावर घ्यावी लागली, तीही सांगितली पाहिजे. तेवढेच पान चौकटीत बसवण्यासाठी क्रॉप कॅमेरा अधिक उंच न्यावा लागतो. १०५ची लेन्स लावून ए-४ पान घ्यायचे तर फुल-फ्रेम पानापासून सुमारे एक मीटरवर पुरतो, क्रॉप दीड मीटरवर जातो. टेबलावर दीड मीटर म्हणजे विद्यार्थी स्टुलावर आणि स्टुलाचा एक पाय ग्रंथालयाच्या नेहमीच्या परंपरेनुसार आखूड. ६० मिलिमीटरच्या आसपासची मॅक्रो घेतली की हेच अंतर नव्वद सेंटिमीटरांच्या आत येते. क्रॉप घेणाऱ्याने म्हणून लेन्स लहान केंद्रांतराची निवडावी.

'पण पुढे कधी फुल-फ्रेम घ्यायचा झाला तर?' हा प्रश्न समितीत हमखास येतो. त्याचे उत्तर लेन्समध्ये आहे. क्रॉपपुरती बनवलेली लेन्स फुल-फ्रेमवर पूर्ण चौकट व्यापू शकत नाही. कॅननच्या जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यांत तर ती बसतही नसे; निकॉनच्या कॅमेऱ्यांत बसते, पण चौकट आपोआप लहान होते आणि २४ मेगापिक्सेलचे दहाच्या आसपास उरतात. उलट फुल-फ्रेमसाठीची लेन्स क्रॉपवर निर्वेध चालते. तेव्हा भविष्याची तरतूद करायचीच असेल तर ती लेन्समध्ये करावी. कॅमेऱ्याची बॉडी सात-आठ वर्षांत जुनी ठरते. लेन्स दोन पिढ्या वापरता येते. आता आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांचे दिवस असल्याने आरशाच्या काळातल्या उत्तम मॅक्रो लेन्स वापरलेल्या स्थितीत मिळतात आणि जोडकडे लावून नव्या कॅमेऱ्यावर बसतात. निश्चल पानासाठी फोकस हाताने करावा लागला म्हणून काय बिघडले? आपण प्रुफे हातानेच तपासत आलो आहोत.

कोणी म्हणेल, हातातला मोबाइल काय वाईट? टिपण काढायला वाईट नाही, आम्हीही वापरतो. पण मोबाइल चित्र टिपून थांबत नाही, तो ते सुधारतो. आणि कागदपत्रे 'स्कॅन' करणाऱ्या त्याच्या सोयी तर पानावरचे ठिपके डाग समजून साफ करतात. अनुस्वार हा ठिपकाच आहे. १९६२ साली जे नियमाने गेले, ते जुन्या पानांवरूनही यंत्राने नेऊ नये इतकीच आमची इच्छा आहे.

फुल-फ्रेमची बाजू जेथे खरी आहे, ते ठिकाणही आहे. ग्रंथालयात वृत्तपत्रांची काही मोठी बाडे आहेत. त्यांचे एक पान सतरा बाय बावीस इंचांच्या घरात जाते. २४ मेगापिक्सेलमध्ये ते एका चौकटीत घेतले तर इंचाला २३५ च्या आसपास बिंदू पडतात, आणि वृत्तपत्राच्या बारीक टाइपाला ते अपुरे आहेत. ४५ मेगापिक्सेलचे फुल-फ्रेम कॅमेरे तेथे ३२० पर्यंत नेतात. ज्यांच्याकडे अशी बाडे हजारोंनी आहेत आणि निधीही आहे, त्यांनी तो जरूर घ्यावा. आमच्याकडे बाडे चौदा आहेत; पान दोन भागांत टिपून जोडण्याचे कष्ट आम्ही पत्करू. पोथीच्या लांबट अरुंद पानाला तर दोन्ही चौकटी सारख्याच परक्या: वर-खाली निम्मी जागा वाया. तेथे एकाखाली एक दोन पाने ठेवून एकदम टिपणे बरे पडते.

पैशांचा हिशेब शेवटी समितीनेच मांडला. नुसत्या फुल-फ्रेम बॉडीत दोन लाखांपैकी बहुतेक रक्कम जात होती, आणि लेन्सच्या वाट्याला सोबत मिळणारी साधी झूम तेवढी उरत होती. म्हणजे 'पूर्ण' चौकट घेऊन आम्ही कोपऱ्यांतले अनुस्वार घालवणार होतो. क्रॉप बॉडी घेतली की चांगली मॅक्रो, उभा स्टँड, रंग खरे दाखवणारे दोन दिवे, रंगांची मोजपट्टी, पुस्तक नव्वद-शंभर अंशांपलीकडे न उघडता धरणारा लाकडी पाळणा, आणि दोन ठिकाणी प्रती ठेवण्यासाठी हार्ड डिस्क, एवढे सारे त्याच रकमेत बसत होते. पाळणा आमच्याच गावातल्या सुताराने केला. पोथीसाठी व्यासपीठ करणारा तो माणूस; त्याला कल्पना समजावून सांगावी लागली नाही. पाठ न कापता पुस्तक टिपता येते, हे आम्हांला फार उशिरा कळले.

'संस्थेला अर्धवट वस्तू नको' म्हणणारे सदस्य अखेरपर्यंत नाराज राहिले. आमच्यातल्या एका सहकाऱ्यांचेही मन पुरते वळलेले नाही. मोठ्या सेन्सरच्या चित्रातल्या छटा अधिक मृदू असतात, असे ते अजून म्हणतात, आणि कमी प्रकाशातल्या चित्रांबाबत ते खोटे नाही. मागणीपत्रातून 'फुल-फ्रेम' हा शब्द खोडून त्या जागी लेन्सचा तपशील लिहिला, तेव्हा त्यांनी सही केली, पण तारीख घातली नाही. ती आम्ही घातली.

सामान जूनमध्ये आले. पहिला खंड म्हणून आम्ही 'मनोरंजन'चा, सर्वांत जास्त भुगा पाडणारा, काढला आहे. लेखा विभागातून एकदा विचारणा झाली: 'सर, कॅमेरा उपकरणांत घेतला, लेन्स पण घेतली. हा पाळणा कशात टाकू, फर्निचरमध्ये?' फर्निचरमध्ये टाकला आहे.